‘सर्व्हर डाऊन आहे’ : डेटाबेसच्या दुखण्यांची चिकित्सा



बँकेच्या, पतपेढीच्या किंवा एखाद्या सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी तासभर उभे राहिल्यावर आतून जे वाक्य ऐकू येते, ते या मंडपातील प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले आहे. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ हे ऐकले की माणूस निमूटपणे मागे फिरतो. पाऊस आला, गाडी चुकली, तसेच हे. यात कोणाचा दोष नाही आणि कोणाला काही विचारण्याचीही सोय नाही, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आज आम्हांला या समजुतीविरुद्ध चार शब्द बोलावयाचे आहेत.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे निदान नव्हे. ‘रोग्याला बरे वाटत नाही’ येवढाच त्याचा अर्थ. पडसे आहे की विषमज्वर, हे वैद्याला शोधावे लागते; ते न शोधता हाताला लागेल ती पुडी जो देतो, त्याच्या रोग्याला रोगापेक्षा औषधाचीच भीती अधिक. ज्या डेटाबेसमध्ये आज आपली खाती, आपली बिले आणि आपली नावे ठेवलेली असतात, त्याचेही असेच आहे. त्याची नेहमीची दुखणी पाच-सहाच आहेत आणि त्यांतली बहुतेक पूर्ण बरी होतात. जे नुकसान कधीच भरून येत नाही, ते बहुधा दुखण्याने होत नाही. घाईने दुरुस्ती करणाऱ्या हाताने होते. आमच्या व्याख्यानाचे सार येवढेच आहे.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. एखाद्या पतपेढीची कल्पना करा. तिच्यात एक कोष्टक सभासदांचे, दुसरे खात्यांचे, तिसरे रोजच्या देवघेवीचे. सभासदाचे नाव आणि पत्ता एकाच ठिकाणी, पहिल्या कोष्टकात लिहिलेला. बाकीच्या कोष्टकांत त्याचा केवळ क्रमांक. पत्ता बदलला तर एकाच जागी खोडायचे. ही मांडणी आज इतकी स्वाभाविक वाटते, की तिचा कोणी शोध लावला असेल हे ध्यानातही येत नाही. परंतु तो लावला एडगर कॉड या मूळच्या इंग्लंडातील गणितज्ञाने, अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत. आणि तो सांगणारा त्यांचा निबंध जून १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी यंत्रात माहिती साठवीत ती वाटांनी जोडलेली असे. ज्याला वाट ठाऊक, त्यालाच माहिती सापडे. कॉड म्हणाले, माहिती साध्या कोष्टकांत ठेवा. माणसाने ‘काय हवे’ येवढेच सांगावे, ‘कुठून कसे आणायचे’ ते यंत्राने ठरवावे. या कामगिरीबद्दल त्यांना १९८१ साली संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानले जाणारे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आजचे ओरॅकल, मायएसक्यूएल, पोस्टग्रेस हे सारे डेटाबेस याच कल्पनेची लेकरे होत. वाट यंत्र ठरविते, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे एका दुखण्याच्या निदानात ती आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता पहिले दुखणे. कारकून कळ दाबतो आणि डेटाबेसशी गाठच पडत नाही. अशा वेळी पडद्यावर जी एक ओळ उमटते, ती न वाचता पुसून टाकण्याची आपल्याला खोड आहे. वस्तुतः निम्मे निदान तिच्यातच असते. एखाद्याच्या घरी आपण गेलो आणि भेट झाली नाही, याचे प्रकार किती? हाकेला ओ देखील आली नाही, तर बहुधा आपण पत्ता चुकलो किंवा वाटेतच कोणी अडविले. वाड्यापर्यंत पोहोचलो, पण ‘येथे त्या नावाचे कोणी बसत नाही’ असे तत्काळ उत्तर मिळाले, तर यंत्र जागे आहे, आतला डेटाबेस मात्र सुरू झालेला नाही किंवा दुसऱ्याच दाराशी बसला आहे. आणि दार उघडून ‘तुम्हांला ओळखले नाही’ असे म्हटले, तर दोष परवलीच्या शब्दात. तिन्हींची औषधे निराळी. परवलीचा शब्द चुकला असता सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करणे, म्हणजे किल्ली विसरली म्हणून घर पाडण्यासारखे आहे.

याच जातीचा चौथा प्रकार म्हणजे ‘जागा शिल्लक नाही’. डेटाबेस एका वेळी ठराविक लोकांशीच बोलतो; पोस्टग्रेसमध्ये ही मर्यादा मुळात १०० ठेवलेली असते. ती भरली की पुढच्याला नकार मिळतो. मर्यादा वाढवून टाकावी, असे चटकन वाटते. परंतु पतपेढीत माणसे दहा आणि जोडण्या शंभर, हे कसे? शोध घेतला तर बहुधा असे आढळते, की कोणता तरी प्रोग्राम जोडणी घेतो आणि काम झाल्यावर परत करीत नाही. वाचनालयातील पुस्तके परत येत नसतील, तर नवे कपाट आणून काय होणार? पुस्तक कोणाकडे अडकले आहे, ते नोंदवहीत पाहावे लागते. डेटाबेसही ही नोंदवही ठेवतो आणि मागितली असता दाखवितो.

दुसरे दुखणे मंदपणाचे. काल क्षणात येणारा हिशेब आज पाच मिनिटे घेतो. यंत्र जुने झाले, मोठे घ्या, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. आणि यंत्र विकणारे तर भेटतातच. पण आधी एक प्रश्न विचारावा: डेटाबेस कोणत्या वाटेने जात आहे? वाट यंत्र ठरविते असे मघाशी म्हटले, ते येथे उपयोगी पडते. प्रत्येक डेटाबेसला ‘हा प्रश्न तू कसा सोडविणार ते सांग’ अशी आज्ञा देता येते आणि तो आपला बेत मांडून दाखवितो. त्या बेतात ‘सबंध कोष्टक वाचणार’ असे आले की समजावे, सूची नाही, किंवा असून वापरता येत नाही.

सूचीचे महत्त्व टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीवरून ध्यानात येईल. आडनाव ठाऊक असेल तर लाखो नावांतून हवे ते पान आपण अर्ध्या मिनिटात काढीत होतो. डेटाबेसची सूची याहून कुशल असते. बहुतेक ठिकाणी ती ज्या झाडासारख्या रचनेची असते, ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट या दोघांनी बोइंग कंपनीत असताना शोधून काढली. त्यांचा निबंध १९७२ साली छापला गेला. या झाडाच्या एकेका पानावर शेकडो नोंदी मावतात, म्हणून एक कोटी ओळींतील एक ओळ तीन-चार पायऱ्या उतरल्या की हाती येते. सूची नसेल तर कोटीच्या कोटी ओळी चाळाव्या लागतात. पण त्याच डिरेक्टरीत कोणी म्हणेल, ‘कर’ या अक्षरांनी संपणारी सारी आडनावे काढा, तर? आगाशेपासून क्षीरसागरांपर्यंत प्रत्येक पान वाचण्यावाचून गती नाही. सूची आहे, पण ती शब्दाच्या आरंभावरून लावलेली आहे; शेवट धरून विचारणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. मंद चालणाऱ्या कितीतरी प्रश्नांचे रहस्य येवढेच असते.

मग प्रत्येक रकान्याची सूची करून का ठेवू नये? कारण नवी ओळ लिहिताना त्या सगळ्या सूचींतही नोंद करावी लागते आणि लिहिणे मंदावते. शिवाय मंदपणा कधीकधी डेटाबेसचा नसतोच, विचारणाऱ्याचा असतो. महिन्याच्या सामानाची यादी हातात देण्याऐवजी, मीठ आण, मग जिरे आण, मग गूळ आण, अशा शंभर खेपा मुलाला वाण्याकडे घालावयास लावल्या, तर वाण्याने कितीही चपळाई केली तरी दिवस जाणारच. प्रोग्राम लिहिणारे हीच चूक रोज करतात. हजार सभासदांची नावे एका प्रश्नात मागावयाची सोडून हजार प्रश्न विचारतात.

तिसरे दुखणे चमत्कारिक. यंत्र चालू आहे, सूची जागच्या जागी आहेत, आणि तरी काम पुढे सरकत नाही. याचे कारण कुलूप. एका खात्यातून पैसे काढून दुसऱ्यात घालावयाचे, तर दोन्ही नोंदी झाल्या पाहिजेत किंवा एकही होता कामा नये. आणि त्या होत असताना तिसऱ्याने मध्ये लिहिता कामा नये. म्हणून डेटाबेस ज्या ओळी बदलावयाच्या त्यांना व्यवहार पुरा होईतो कुलूप घालतो. हे योग्यच आहे. पण मुनीमजी खतावणीचे पान उघडून त्यावर चष्मा ठेवून चहाला निघून गेले, तर? ते पान ज्याला ज्याला हवे तो तो खोळंबतो, त्याच्यामागे आणखी कोणी खोळंबतो, आणि खिडकीबाहेरच्या रांगेला सांगितले जाते, सर्व्हर डाऊन आहे! या वेळी सारे यंत्र बंद करण्याचा मोह होतो. तसे केले तर ज्यांचे काम नीट चालले होते त्यांचेही मोडते, आणि मुनीमजी कोण होते हा पुरावा नाहीसा होतो. कोण कोणासाठी थांबला आहे, हे डेटाबेसला विचारता येते. रांगेच्या तोंडाशी बसलेला शोधून त्या एकट्याला उठवावे. आणि पुढे कायमचा नियम करावा, की व्यवहार उघडावा तो थोडक्यात मिटवावा. त्याच्या मध्यावर माणसाच्या उत्तराची वाट पाहत बसू नये.

याचाच एक पोटभेद आहे. एक कारकून गोविंदरावांच्या खात्यातून सखारामपंतांच्या खात्यात रक्कम घालतो आहे आणि त्याच क्षणी दुसरा उलट दिशेने. पहिल्याने गोविंदरावांची ओळ धरली, दुसऱ्याने सखारामपंतांची. आता ‘तू आधी सोड, मग मी सोडतो’ असे म्हणत दोघे जन्मभर बसतील. डेटाबेस हा पेच स्वतः ओळखतो. पोस्टग्रेस एक सेकंद वाट पाहून शोध घेतो आणि दोहोंपैकी एकाचा व्यवहार रद्द करतो. रद्द झालेल्याने पुन्हा प्रयत्न करावा. त्यात भिण्यासारखे काही नाही. पण पेच वारंवार पडत असेल, तर साधा उपाय आहे: ज्या खात्याचा क्रमांक लहान, त्याची ओळ सर्वांनी आधी धरावी. एका दिशेने चालणाऱ्यांची समोरासमोर टक्कर होत नाही.

चौथे दुखणे आपल्या मराठी माणसांच्या विशेष परिचयाचे. नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उमटतात, किंवा परक्या लिपीतील खुणांची रांग दिसते. दोन्ही सारखेच वाईट वाटते, पण निदानात त्यांच्यामध्ये जमीन-अस्मानाचे अंतर आहे. यंत्रात प्रत्येक अक्षराला संकेत असतो, आणि यूटीएफ-आठ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट जागा घेते. परक्या खुणा दिसत असतील, तर बहुधा ते बाइट शाबूत आहेत, वाचणारा चुकीच्या संकेताने वाचतो आहे. हे नाव परत मिळू शकते. पण साठवतानाच ज्या कोष्टकाला देवनागरी ठाऊक नव्हती, त्याने अक्षराऐवजी खरोखरीचे प्रश्नचिन्ह लिहून ठेवले असेल, तर मूळ नाव गेले. ते कागदावरून पुन्हा लिहिण्यावाचून उपाय नाही. म्हणून आधी साठवलेले काय आहे ते तपासावे, मगच ‘दुरुस्ती’ चालवावी; नाहीतर परत मिळण्याजोगे नावही आपल्याच हाताने घालवून बसतो.

आणखी एक खास मराठी खोच सांगतो. ‘कुऱ्हाडे’ या आडनावातील ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एकाच स्वतंत्र संकेताने, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. डेटाबेसला ते सामान्यतः दोन निरनिराळे शब्द वाटतात. परिणामी कुऱ्हाडे खिडकीपाशी उभे असतात, त्यांचे पैसे पेढीत असतात, आणि कारकून म्हणतो, ‘या नावाचे खाते नाही.’ माहिती आत घेतानाच सर्व नावे एका रूपात आणून ठेवणे, हा यावर उपाय.

पाचवे दुखणे जागा भरल्याचे. हे समजण्यास आपली जुनी जमाखर्चाची पद्धत फार उपयोगी आहे. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत उतरवावयाचा आणि मग सवडीने खतावणीत. डेटाबेस हेच करतो. प्रत्येक बदल आधी त्याच्या कीर्दीत जातो, नंतर कोष्टकात. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना तो कीर्द वाचून खतावणी पुरी करतो. डिस्क भरली की कीर्दीत लिहिता येत नाही, आणि कीर्द नाही म्हणून डेटाबेस काम थांबवितो. तो हट्टी नाही, प्रामाणिक आहे. अशा वेळी घाबरलेला मनुष्य जागा मोकळी करावयास निघतो आणि सर्वांत गलेलठ्ठ दिसते ते उडवितो. पोस्टग्रेसमध्ये या कीर्दीच्या फोल्डरचे नाव ‘पीजी-एक्सलॉग’ असे होते. ‘लॉग’ म्हणजे टाकाऊ टिपणे, असे समजून कित्येकांनी ती पुसली आणि आपला डेटाबेस गमावला. शेवटी २०१७ साली दहाव्या आवृत्तीत त्या फोल्डरचे नावच बदलून ‘पीजी-वॉल’ केले गेले. एका शब्दाने होणारा अनर्थ टाळण्यासाठी शब्द बदलावा लागला. योग्य इलाज असा, की आधी डिस्कला जागा वाढवून द्यावी आणि मग कीर्दीचे खंड का साचत आहेत ते पाहावे. पुष्कळदा दुसऱ्या यंत्रावर ठेवलेली नक्कल मागे पडलेली असते आणि तिच्यासाठी जुने खंड राखून ठेवलेले असतात.

आता शेवटचे, म्हणजे हाताने होणारे नुकसान. येथे दुसऱ्यांना नावे ठेवण्यापूर्वी आमचा स्वतःचा अपराध सांगणे बरे. एका वाचनालयाच्या सभासदांपैकी एका गृहस्थांचा पत्ता आम्ही बदलीत होतो. ‘पत्ता अमुक कर’ इतकी आज्ञा लिहिली, आणि ‘अमुक क्रमांकाच्या सभासदाचा’ ही अट लिहावयाची राहिली. कळ दाबली. त्या क्षणी गावातील सारे सभासद एकाच घरात राहावयास गेले. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून लाज वाचली. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो: आज्ञा देण्यापूर्वी त्याच अटीने नुसते वाचून पाहावे, की किती ओळी सापडतात; बदल व्यवहार उघडून त्याच्या आत करावा; आणि जितक्या ओळी बदलावयाच्या तितक्याच बदलल्या अशी खात्री झाल्यावरच तो कायम करावा, नाहीतर परत फिरवावा.

मोठ्यांचेही असेच होते. गिटलॅब ही प्रोग्रामरांचे लेखन सांभाळणारी जगभर वापरली जाणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिच्या पोस्टग्रेस डेटाबेसची दुसऱ्या यंत्रावरील नक्कल मागे पडली. ती नव्याने लावण्यासाठी एका अभियंत्याने जुने फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. नक्कल असलेल्या यंत्रावर आपण आहोत असे त्याला वाटत होते. प्रत्यक्षात तो मूळ यंत्रावर होता. एक-दोन सेकंदांत चूक उमगली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचारच उरले होते. मग राखीव प्रती शोधू लागले. रोजची प्रत काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे असल्यामुळे प्रत निघतच नव्हती; ती निघत नाही हे कळविणारी ई-पत्रेही पोहोचत नव्हती. डिस्कच्या नकला घेण्याची सोय त्या यंत्रांसाठी सुरूच केलेली नव्हती. वाचविले ते दुसऱ्याच कामासाठी सुमारे सहा तास आधी योगायोगाने हाताने घेतलेल्या एका प्रतीने. त्या सहा तासांतील हजारो नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने मात्र काही झाकले नाही. दुरुस्ती चालू असता ती लोकांना थेट दाखविली आणि सारा वृत्तान्त पुढे प्रसिद्ध केला. म्हणूनच आज आम्हांला तो आपणांपुढे सांगता येतो.

या हकीकतीत मूळ दुखणे कोणते होते? नक्कल थोडी मागे पडली होती, येवढेच. ते पडशासारखे होते. रात्रीची वेळ, शिणलेले डोळे आणि एकसारखी दिसणारी दोन यंत्रे, यांनी ते जिवावर बेतले. आणि प्रती ‘आहेत’ असे सर्वांना वाटत होते. उघडून कोणी पाहिल्या नव्हत्या. जी प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून, चालवून, दोन-चार खात्यांच्या शिल्लका जुळवून पाहिलेली नाही, ती प्रत नव्हे. तो केवळ आपल्या मनाचा दिलासा.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी खिडकीपाशी ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे शब्द कानी पडले, तर आतल्या मुलावर रागावू नका. त्या बिचाऱ्याला पडद्यावरची ओळ वाचावयास कोणी शिकविलेले नसते. पण आपल्यापैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या पतपेढीचे, वाचनालयाचे, गृहनिर्माण संस्थेचे सभासद आहात, काही संचालकही आहात. वार्षिक सभेत ताळेबंद मंजूर करताना लाभांशाबरोबर आणखी एक प्रश्न अवश्य विचारा: ‘आपल्या नोंदींची राखीव प्रत शेवटी कोणत्या तारखेस उघडून पाहिली, आणि कोणी पाहिली?’ उत्तरादाखल तारीख आणि नाव मिळाले, तर निश्चिंत मनाने चहा घ्या. ‘प्रत आहे ना, असेलच’ असे उत्तर आले, तर तो विषय मिटेपर्यंत सभा संपू देऊ नका.